फक्त लाभार्थी

सकाळी सव्वानऊ वाजता ग्रामसेविका राजेश्री मॅडम पंचफुलाच्या चुलीपुढे उकिडव्या बसल्या आणि त्यांनी राखेत बोट घातलं. राख कोमट होती. बोट रुमालाला पुसून त्यांनी तवा उलटा केला, काजळी पाहिली, मग चुलीमागच्या मातीच्या भिंतीकडे मान वर केली. भिंतीवर धुराचा काळा पट्टा होता, पण हातभरच चढलेला.

"कधीपासून वेगळ्या राहता मावशी?"

पंचफुलानं सुनेकडं पाहिलं. सून, बबिता, खांबाला धरून उभी होती.

"सांगा की आत्या."

"दोन वर्सं झाली," पंचफुला म्हणाली.

"दोन वर्षांत धूर एवढाच चढला?"

"लाकडं वाळलेली असत्यात," बबिता म्हणाली. "त्याचा धूर कमी."

मॅडमनी मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. पूर्णा तालुक्यातून बदलून आल्याला त्यांना वर्ष झालं होतं आणि गावाला त्यांची रीत कळून चुकली होती. आधी कागद बघायचे, मग वस्तू बघायच्या, आणि मधे कोणी बोललंच तर तेही लिहून घ्यायचं.

चूल एकोणीस दिवसांची होती. घराला टेकून उभ्या केलेल्या पत्र्याच्या सपरात ती बबितानंच घातली होती, ओढ्याकाठची माती आणि भुसा कालवून. कारण साधं होतं. ज्या कुटुंबाकडं तीनचाकी गाडी, त्याला घरकुल नाही. बबिताचा नवरा सिद्धोधन यानं तीन वर्षांपूर्वी मालवाहू रिक्षा घेतली होती. मानवत ते देवगाव फाटा सरकीच्या गोण्या आणि भाजीची कॅरेट तो वाहायचा. घरकुलाच्या जुन्या यादीत अकराव्या नंबरवर असलेलं त्याचं नाव रिक्षा आली त्या वर्षी कटलं. गाडी आली आन् घर गेलं, असं तो टपरीवर हसून सांगायचा. घरी सांगताना हसायचा नाही.

पंचफुला विधवा होती. तिच्या नावावर गाडी नव्हती, आणि घराशेजारची मोकळी जागा नवरा लिंबाजी गेल्यावर पंचायतीच्या दप्तरात तिच्या नावावर चढली होती. म्हणजे म्हातारी वेगळी निघाली, तर घर येणार होतं. ही युक्ती बबिताची.

लग्न होऊन आली तेव्हापासून, सोळा वर्षं, बबिता घरामागं तीन बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या आडोशाला अंघोळ करत होती. चौथ्या बाजूला कडुलिंबाचं झाड होतं, तेवढ्यावर भागायचं. उजाडायच्या आत उरकायचं. वारा सुटला की एका हातानं साडी धरायची. थोरली पोरगी सुकेशनी आता तेरा वर्षांची झाली होती. एका सकाळी बबितानं पाहिलं की पोरगीही एका हातानं साडी धरून दुसऱ्या हातानं डोक्यावर पाणी घेतेय, सराईतासारखी. त्याच दिवशी ती मानवतला गेली आणि तहसीलच्या खिडकीवर रेशनकार्ड वेगळं करायचा अर्ज मागितला.

कार्ड दीड महिन्यात झालं. राहिली होती चूल. ती घातली त्या दिवशी भांड्यांची वाटणी झाली. दोन ताटल्या, एक तांब्या, तवा, काठवट, एक पातेलं. एवढं पुरे होतं, पण पंचफुला म्हणाली, "मला आरसा पाहिजे."

"सर्वेत आरसा कोण बघतंय आत्या?"

"तरी पाहिजे."

घरात आरसा एकच होता, तळहाताएवढा. बबितानं तो काढून दिला. पंचफुलानं तो सपराच्या खांबाला खिळा ठोकून लावला, आपल्या उंचीला.

आता मॅडम सपराबाहेर आल्या. नियमाप्रमाणे त्यांना शेजारच्या घरांत विचारायचं होतं, आणि पहिलं घर कमलबाईचं होतं. अडचण होती ती इथं.

चूल घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी कमलबाईनं काटेरी कुंपणावरून विचारलं होतं, "दोन धूर कसे गं?" सासूला वेगळं टाकलं, हे शेजारणीला आपल्या तोंडानं सांगायचं बबिताच्यानं झालं नाही. ती म्हणून गेली, "आत्याचं पोट बिघडलंय. डॉक्टरनं बिनतिखटाचं सांगितलंय, म्हणून त्यांचं त्या करत्यात." संध्याकाळी कमलबाईनं काळं मीठ घातलेलं ताक पाठवून दिलं होतं.

"वेगळं?" कमलबाईचा आवाज आता कुंपणापलीकडून आला. "कोण वेगळं? कुणी सांगितलं तुमाला? ज्यानं सांगितलं त्याच्या जिभेला हाड न्हाई. मॅडम, ही बबिता सासूचं डोकं विंचरून देती, डोकं! माझ्या सुनंला माझ्याकडं बघायला चार दिवस लागत्यात. म्हातारीच्या पोटाला पथ्य हाय, म्हणून तेवढं रांधायचं वेगळं. दुसरं कायबी न्हाई. लिहा तुमी. माझं नाव टाकून लिहा."

मॅडमनी लिहिलं. नाव टाकून लिहिलं. दुसऱ्या दोन घरांत माणसं कामावर गेलेली होती.

परत आल्यावर त्या बबिताला म्हणाल्या, "कागदावर वेगळं आहे. शेजारी एकत्र म्हणतायत. मी दोन्ही लिहिलंय. एक मेच्या ग्रामसभेत यादी वाचून दाखवतील. तिथे तुमच्यातल्या कुणीतरी उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. मग ग्रामसभा म्हणेल ते."

त्यांची स्कूटी वळणावर दिसेनाशी झाली तशी कमलबाई कुंपणाला आली. "बबे, तुझी बाजू लावून धरली बघ. एक शब्द खाली पडू दिला न्हाई!"

"लय उपकार झाले मामी," बबिता म्हणाली.

*

कोण बोलणार, यावर तीन आठवडे गेले.

"म्या माझ्या मायला बाहेर टाकलं, असं चारचौघांत म्हणू?" सिद्धोधन म्हणाला. "मला ह्याच गावातनं रिक्षा घेऊन जायचंय रोज."

"मग घर?"

"माय म्हणंल. तिचं नाव हाय यादीत."

पंचफुला तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्या काय म्हणू? लेक बघत न्हाई म्हणू? बघतो की."

"म्हणायचं फक्त, माय."

"म्हणायचंच अवघड असतं."

बबितानं सुपातले खडे गोळा करून अंगणात फेकले. "मीच म्हणते," ती म्हणाली. "सून वाईट म्हणलं की कुणाला नवल वाटत न्हाई."

मग तिनं सासूला तिचं तेवढं पाठ करून घ्यायला लावलं. मॅडम विचारतील, त्या घरात कोण राहणार. तेव्हा दोनच शब्द बोलायचे, 'मी एकटी', आणि खाली बसायचं. जास्त बोललं की लोक फाटे फोडतात. पंचफुलानं मान हलवली.

त्या दिवसांत बबिता कापसाच्या दोरीनं मोकळी जागा मोजत असायची. दोनशे एकोणसत्तर चौरस फूट, घरकुलाचं सरकारी माप. दार रस्त्याकडं, म्हणजे रिक्षा दारात लावता येईल. मधून भिंत घालून दोन खोल्या. पुढं सिद्धोधन, सासू आणि आल्यागेल्याची बैठक. मागं ती, पोरी आणि ओटा. आणि लिंबाच्या अंगाला न्हाणी. न्हाणीला लोखंडी दार. दोरी गुंडाळून झाली तरी ती तिथं उभी राहायची. एकदा सुकेशनीनं विचारलं, "आई, काय बघायलीस?" तर म्हणाली, "काय न्हाई, कोंबडी कुठं गेली ते."

*

एक मेला झेंडावंदन झालं. साडेदहाची ग्रामसभा माणसं जमेपर्यंत सव्वाअकराला सुरू झाली, शाळेच्या वऱ्हांड्यात. पुरुष खुर्च्यांवर आणि कठड्यावर, बाया सतरंजीवर. सरपंच दिनकरराव मधे बसले होते. त्यांचं दुमजली घर वऱ्हांड्यातून दिसत होतं, म्हणून की काय, घरकुलाच्या विषयाला ते आवाज खाली आणायचे.

गावाच्या वाट्याला सत्तावीस घरं होती. मॅडमनी नावं वाचायला सुरुवात केली. पंचफुलाचं नाव चौदावं आलं.

"हरकत हाय," कठड्यावरून सटवाजी म्हणाला.

सटवाजीचा नंबर अठ्ठाविसावा होता. मागच्या वर्षी त्याच्या घराची मागची भिंत बसली होती, आणि तिथं त्यानं पत्र्याऐवजी जुनं फ्लेक्स लावलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

"म्हातारीच्या दारात तीनचाकी उभी असती. मग?"

"गाडी मुलाच्या नावावर आहे," मॅडम म्हणाल्या. "मावशींचं रेशनकार्ड वेगळं आहे."

"कार्डाचं काय घेऊन बसलाव? कार्ड तर माझ्या बकरीचंबी निघंल."

माणसं हसली. सटवाजी हसला नाही. "त्या कमलबाईला इचारा. पथ्य हाय म्हणं पोटाचं."

सगळे कमलबाईकडं वळले. आपण काय करून बसलो हे तिला एव्हाना कुणीतरी समजावून सांगितलेलं होतं. तिनं पदर कानावरून घेतला. "मला काय इचारता? मला आजकाल ऐकू कमी येतंय."

"सिद्धोधन," दिनकरराव म्हणाले, "तू सांग बाबा."

सिद्धोधन झेंड्याच्या दोरीकडं बघत राहिला. बबिता सतरंजीवरून उठली. तिच्या हातात जागेच्या उताऱ्याची झेरॉक्स होती.

"म्या काढलं त्यांना बाहेर," ती म्हणाली.

सतरंजीवर कुजबुज झाली. मागून एकीनं विचारलं, "काहून गं?"

"पटत न्हाई."

"काय पटत न्हाई?" सटवाजी म्हणाला. "आजपतुर तर घरातनं आवाज आला न्हाई तुमचा."

बबितानं तयारी एवढ्यापर्यंतच केली होती.

"सोळा वर्सं झाली, माझ्या भाकरीला नावं ठेवत्यात."

"नावं न्हाई ठेवली," पंचफुला बसल्या जागेवरून म्हणाली. "जाड असती, एवढंच म्हणलं."

यावर सगळा वऱ्हांडा हसला. दिनकररावांनीही मिशीवरून हात फिरवला. बबिताला वाटलं, आता बसावं. पण हसू ओसरायच्या आत ती पुन्हा बोलत होती, आणि आवाज तिचा तिलाच ओळखू येत नव्हता.

"एक खोली हाय. पाच माणसं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर म्या बोलत न्हाई, कारण त्या जाग्या असत्यात. त्या जाग्या असत्यात हे मला ठावं असतं, आन् मला ठावं हाय हे त्यायला ठावं असतं. त्या झोपल्याचं दाखवत्यात. म्या कूस बदलते. असं सोळा वर्सं. म्हणून काढलं."

बायांच्या बाजूचं हसू आधीच थांबलं होतं. पुरुषांचं नंतर थांबलं. सिद्धोधन उठून नळावर पाणी प्यायला गेला.

मॅडमनी पंचफुलाकडं पाहिलं. "मावशी, सून म्हणते ते खरं आहे का?"

"खरं हाय."

"घर मंजूर झालं तर त्या घरात कोण कोण राहणार?"

पंचफुला गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर नीट केला.

"मी एकटी," ती म्हणाली.

बबितानं खाली बसायची खूण केली. पंचफुला बसली नाही.

"एकच खोली पाहिजे बगा. मधून तोडायची न्हाई. इतकी वर्सं मधे पडदाच बघितला. दार रस्त्याकडं नको, लिंबाकडं पाहिजे. खाट दारापशी, म्हंजी डोळा उघडला की पयलं झाड दिसंल. भांडी चारच हाईत, ती एका फळीवर राहत्यात. अंधारात उठलं तर कुणाच्या अंगावर पाय पडंल म्हणून भिंत चाचपत जायचं न्हाई. खोकला आला तर खोकायचं. आन् दाराला आतून कडी. कुणी आलं तर वाजवंल. मग म्या उठीन, आन् मंग उघडीन."

ती सरपंचांशी बोलत नव्हती आणि मॅडमशीही नाही. तिची नजर वऱ्हांड्याच्या समोर, शाळेच्या मैदानात कुठंतरी होती, आणि बोलताना उजवा हात आधी डावीकडं, मग उजवीकडं जात होता: इथं दार, इथं फळी.

"एवढं लागत नाही मावशी," मॅडम म्हणाल्या. "फक्त संख्या सांगा."

"एक."

मॅडमनी लिहिलं. दिनकररावांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. सटवाजीनं केला नाही, पण हरकतही पुन्हा घेतली नाही. पंधरावं नाव वाचलं गेलं.

बबिता हातातली झेरॉक्स घडी घालत होती. घडीची घडी, तिची घडी, असं करत कागद तंबाखूच्या पुडीएवढा झाला तेव्हा ती थांबली.

घरी जाताना दोघी शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आल्या. टाकीपाशी बबिता म्हणाली, "लय चांगलं बोलला तुमी, आत्या."

"बोलून गेले," पंचफुला म्हणाली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "तूबी."

*

तिसऱ्या दिवशी पूर्ण्याहून बबिताच्या आईचा फोन आला. "सासूला हाकललंस म्हणं गं? आमच्या गल्लीत मला सांगायल्यात."

"घरासाठी म्हणलं आई."

"घरासाठी का होईना. पण म्हणलंस ना?"

गावात तिला आधी 'लिंबाजीची सून' म्हणायचे. आता पाणवठ्यावर तिच्या मागं दुसरं काहीतरी म्हणायचे आणि ती वळली की थांबायचे. कमलबाई तेवढी भांडायची तिच्या बाजूनं, आणि तिच्या भांडण्यानं गोष्ट आणखी चार घरं पुढं जायची.

जूनमध्ये मॅडमनी सांगितलं की यादी जिल्ह्याला गेली, आता चूल बघायला कोणी येणार नाही. त्या संध्याकाळी बबिता सपरात गेली. पंचफुला भाकरी थापत होती. तिची भाकरी पातळ असायची, कागदासारखी, आणि काठाला कुठंही चीर नसायची.

"आता चूल मोडली तरी चालंल आत्या. घरातल्या चुलीवर सगळ्याचं होतंय."

"मोडू की," पंचफुला म्हणाली.

चूल मोडली नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सकाळी दोन धूर निघत राहिले. बबिता आत भाकरी करायची आणि बाहेरचा थापण्याचा आवाज ऐकायची. एक भाकरी, कधी दीड. पंचफुला जेवताना लिंबाकडं तोंड करून बसायची. जेवण झालं की ताटलीत हात धुवायची आणि तशीच बसून राहायची, उठायची घाई नसल्यासारखी. आत पाच जणांत वाढून, खरकटं काढून, दारापुढच्या ओट्यावर पडणाऱ्या सासूला असं बसलेलं बबितानं कधी पाहिलेलं नव्हतं. रात्री मात्र ती आतच झोपायला यायची, पडद्याच्या तिच्या बाजूला. सपराला दार नव्हतं.

सुकेशनी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी सपरात जायची. खांबावरच्या आरशात वेण्या घालायची आणि आजीशी काहीतरी बोलून हसायची. बबिता गेली की दोघी गप्प व्हायच्या. तसं काही कारण नव्हतं. पण व्हायच्या.

घर आलं की सांगू, असं बबितानं ठरवलं होतं. काय सांगू, ते ठरत नव्हतं. घर म्हातारीच्या नावावर, जागा तिच्या नावावर. आणि ती मागतेय ते काही जास्त नव्हतं. कडीच तर मागतेय. बबितालाही न्हाणीला कडीच पाहिजे होती. दोनशे एकोणसत्तर फुटांत दोन कड्या बसतात की नाही, हे ती कापूस वेचताना मनात मोजायची. कधी बसायच्या, कधी बसायच्या नाहीत.

*

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, मॅडमचा फोन आला. मंजुरी यायची होती, पण त्याआधी जागेचा फोटो वर पाठवायचा होता, लाभार्थ्यासकट. चार वाजता येते म्हणाल्या.

बबिता वेचणी अर्ध्यावर सोडून आली. लुगड्याच्या ओटीतला कापूस पोत्यात रिकामा केला आणि चुन्याची पिशवी घेऊन मोकळ्या जागेत गेली. जागा दिसायला पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तिनं चार कोपरे आखले. मग हात थांबेना म्हणून मधली भिंत आखली, रस्त्याकडचं दार आखलं, आणि लिंबाच्या अंगाला एक लहान चौकोन.

पंचफुला धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली. चुन्याच्या रेघांपाशी उभी राहून तिनं सगळं एकदा पाहिलं.

"हे काय?" तिनं चौकोनाकडं बोट केलं.

"न्हाणी."

"हितं?"

"आडोसा हाय लिंबाचा. पाणी तिकडनं निघून जातंय."

पंचफुला चौकोनात जाऊन उभी राहिली. दुपार कलली होती. लिंबाच्या फांद्यांतून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं.

"हितं माझी खाट," ती म्हणाली.

बबिताच्या हातात चुन्याची पिशवी तशीच राहिली.

"आत्या, पोरगी मोठी व्हायलीय."

"ठावं हाय मला. माझ्यापशीच बसती ती."

"मग?"

"मग काय," पंचफुला म्हणाली. ती पायाकडं बघत होती. "म्या काय नको म्हणलं का? हितं खाट म्हणलं."

तेवढ्यात स्कूटी आली. मॅडम घाईत होत्या. अजून सहा जागा करायच्या होत्या त्यांना. मोबाइल काढून त्या मागं सरकल्या, पुढं आल्या, पुन्हा मागं गेल्या. सिद्धोधनची रिक्षा दारात उभी होती.

"ती गाडी बाजूला घ्या आधी. फोटोत आली तर माझी नोकरी जाईल."

सिद्धोधननं रिक्षा सुरू न करता हातानं ढकलत कोपऱ्यापलीकडं नेली. पंचफुला रेघांच्या मधोमध उभी राहिली. तिच्या शेजारी, दोन हातांवर, बबिता.

"फक्त लाभार्थी," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांनी बाजूला."

बबिता दोन पावलं मागं सरली.

"ताई, सावली येतेय तुमची."

ती आणखी सरली. कललेल्या उन्हात तिची सावली लांब झाली होती आणि डोक्याचा भाग अजून चुन्याच्या रेघेवर पडत होता.

"अजून थोडं."

बबितानं रेघ ओलांडली. मग नाली ओलांडली. रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेला जाऊन ती उभी राहिली, तेव्हा सावली जागेच्या बाहेर निघाली.

"हां, बास. मावशी, इकडे बघा. आता डोळे मिटायचे आणि उघडायचे. समोर जिवंत माणूस आहे हे मोबाइलला कळावं लागतं."

पंचफुलानं डोळे मिटले. ऊन तिच्या तोंडावर होतं. तिचे खांदे खाली आले, हनुवटी किंचित वर झाली, आणि ती तशीच उभी राहिली.

"उघडा मावशी."

तिनं उघडले नाहीत.

"मावशी, उघडा आता."

"उघडते," पंचफुला म्हणाली, आणि तरी आणखी थोडा वेळ तिनं लावला.

चार वाजून बारा मिनिटांनी फोटो निघाला. तो पाठवायला मॅडमनी मोबाइल डोक्यावर धरला, रस्त्यापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. मोबाइलच्या पडद्यावर लोडिंगचं चक्र फिरत राहिलं. इथं रेंज मिळत नाही, फाट्यावर गेलं की जाईल, असं म्हणून त्या पुढच्या जागेकडं निघून गेल्या.

सहा वाजता बबितानं त्यांना फोन लावला. फाट्यावर पोचताच फोटो गेला, असं मॅडम म्हणाल्या; बोलणं झाल्यावर ती फोन हातात धरून दारात उभी राहिली.

"गेला का?" पंचफुलानं सपरातून विचारलं.

"न्हाई अजून," बबिता म्हणाली.